आभाळासाठी बंद ठेवलेली चक्की

दसऱ्यानंतर काही दिवसांनी बंद झालेली माझ्या काकीची पिठाची चक्की संक्रांतीपर्यंत बंदच राहिली. ती माझ्यामुळे बंद होती आणि हे मला कुणी सांगितलं नाही. मी त्या काळात दूरच्या शहरात, संस्थेतल्या संगणकासमोर बसून आमच्या तांड्यावर आभाळातून काय पडतं ते मोजत होतो.

आमचा तांडा मारेगाव तालुक्यात, वणीच्या रस्त्यावरच्या एका फाट्यापासून आत आहे. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आता आम्ही कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवतो. घरात बंजाऱ्यांची गोरबोली बोलतो, बाजारात वऱ्हाडी. इथे मी सगळ्यांचं बोलणं वऱ्हाडीतच लिहितो आहे, म्हणजे ते सगळ्यांना कळेल.

तांड्यातला मी पहिला पदवीधर. यात माझं कर्तृत्व थोडं आणि इतरांचं जास्त आहे. वणीला कॉलेजात होतो तेव्हा काकी दर आठवड्याला बसच्या ड्रायव्हरजवळ ताज्या दळलेल्या ज्वारीच्या पिठाची पिशवी द्यायची. काका गेल्यावर चक्की तिनेच चालवायला घेतली होती. पट्टा चढवणं, दगडाला टाकी लावून धार आणणं, सगळं तीच करायची. त्या पिशवीच्या कापडालाही चक्कीचा वास असायचा. खोलीवरची मुलं म्हणायची, तुझ्या पिठाची भाकर फुगते रे. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा.

मी वैश्विक किरणांचा अभ्यास करतो. हे किरण म्हणजे खरं तर कण. कुठेतरी तारा फुटतो, किंवा आपल्याला अजून न कळलेलं काही घडतं, आणि अफाट ऊर्जेचे कण अवकाशात भिरकावले जातात. वाटेत चुंबकी क्षेत्रं त्यांना इतकी वळवतात की ज्या दिशेने ते आपल्यापर्यंत येतात त्या दिशेवरून ते कुठून निघाले हे सांगता येत नाही. बापूंना, म्हणजे वडिलांना, मी हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे आपल्यावानीच. निघालो कुठून थे धड कोनाले ठाऊक नाई, पन पोचलो."

असा एखादा कण वातावरणाच्या माथ्यावर आदळला की त्याचे तुकडे होतात, त्या तुकड्यांचे आणखी तुकडे होतात आणि जमिनीवर एकाच क्षणी मोठ्या जागेत कणांची सर पडते. ती पकडायची तर बरीच यंत्रं दूरदूर मांडावी लागतात. सगळ्यांनी एकाच क्षणी कण पाहिला तर ती सर. एकट्यानेच पाहिला तर त्याला फारसा अर्थ नाही. आमच्या गटाला शहरापासून लांब, मोकळ्या जागेत अशी छपरं हवी होती. मीच पुढे होऊन म्हणालो, आमचा तांडा आहे.

मे महिन्यात आम्ही डबे मांडले. प्रत्येक डब्यात पारदर्शक प्लास्टिकची जाड पाटी असते. तिच्यातून कण गेला की प्रकाशाची इवलीशी चमक उठते, आणि एक नळी त्या चमकेचा विजेचा इशारा करते. बाहेरचा उजेड आत शिरू नये म्हणून डबा काळ्या कापडात गुंडाळलेला असतो. पहिलं छत काकीने दिलं. तिथे तिच्या मिरच्या वाळत होत्या, त्या तिने न सांगता उचलल्या. मग नायकाचं, शाळेचं आणि आमचं अशी छतं मिळाली. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, त्याचा शब्द आमच्याकडे अजून चालतो. सगळ्या डब्यांच्या तारा आमच्या घरातल्या एका खोलीत संगणकाला जोडल्या, तिथून आकडे इंटरनेटने संस्थेत जायचे.

लोक जमले होते. मी सांगितलं, मोहोळाला एक खडा लागला की साऱ्या माश्या एकदम खाली येतात, तसं हे असतं.

नायकाची आई फार म्हातारी आहे आणि तिच्या तोंडाला सगळे भितात. ती म्हणाली, "मंग खडा मारते कोन?"

"तेच तर शोधून राह्यलो, आजी."

"सापडला तं मले सांगजो. इतके वर्सं माह्याच डोक्यावर पाडून राह्यला!"

सगळे हसले. मीही हसलो. तो दिवस फार चांगला गेला, आणि त्याच दिवशी मी चूक केली.

यंत्राला अर्थिंग लागतं, म्हणजे नको ती वीज जमिनीत उतरवणारी तार. त्यासाठी खोल खड्डा खणून, त्यात मीठ आणि लाकडी कोळसा भरून, तांब्याची पट्टी पुरायची असते. मे महिन्यातली काळी जमीन दगडासारखी झाली होती, आणि संस्थेची गाडी संध्याकाळी परत न्यायची होती. आमच्या घराशेजारी जुना हातपंप आहे. त्याचा लोखंडी पाइप पार पाण्यापर्यंत गेलेला, याहून चांगलं अर्थिंग कुठलं, असा विचार करून मी तार पंपाला आवळली.

पावसाळाभर सगळं नीट चाललं. अधूनमधून खऱ्या सरी दिसायच्या. दसऱ्यानंतर मात्र अचानक दिवसा, काही तास सलग, सगळे डबे एकाच क्षणी बोलू लागले. ते पुन्हापुन्हा आणि जोरात होत होतं. एवढ्या मोठ्या सरी कुणी पाहिल्या नव्हत्या. मला इतका आनंद झाला की सुरुवातीला मी तो कुणाला सांगितलाही नाही. मग आलेख छापून बैठकीत नेला. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तो पाहिला आणि शांतपणे विचारलं, "आभाळ काही घड्याळ बघून येत नाही. या वेळेला तिथे काय सुरू होतं?"

मी विचार केला. आमच्याकडे वीज सिंगल फेज असते, आणि मोठी यंत्रं जिच्यावर चालतात ती थ्री फेज ठरावीक तासच येते. आलेखातले तास तेच होते. थ्री फेज आल्याचं लहानपणी मला एकाच गोष्टीवरून कळायचं. काकीच्या चक्कीचा पट्टा फटफट वाजायला लागायचा आणि आम्ही पोरं ओरडायचो, आली, आली.

"माझ्या काकीची चक्की सुरू होते," मी म्हणालो.

खोलीत हशा पिकला. एकजण म्हणाला, "सोर्स सापडला!" मॅडमनी विचारलं, "अर्थिंग नीट आहे ना?" मी म्हणालो, "आहे, मॅडम." मी ते मोजून पाहिलं नव्हतं. मला ते नीट असल्याचं ठाऊक आहे असं वाटत होतं. मग त्या आलेखावर, त्या उंच उंच रेघांच्या डोक्यावर, मी स्वतःच्या हाताने 'चक्की' असं लिहिलं. लोकांना ते गमतीचं वाटलं म्हणून मलाही वाटलं.

त्या संध्याकाळी बापूंशी फोनवर बोलताना मी हे सहज सांगितलं.

"काकीची चक्की सुरू झाली का आपल्या डब्यायले बाधा होते, बापू. सगळे एकदम बोंबलतात."

"मंग?"

"मंग काई नाई. तेवढ्या वेळचं मोजलेलं फेकून द्या लागते."

"फेकून द्या लागते?"

आमच्या घरात ताटातलं शीतही कुणी फेकत नाही. मग ते म्हणाले, "बरं."

मी काही मागितलं नव्हतं. पण ज्या तांड्याने मला शिकवलं तिथे माझं साधं सांगणंही मागणं होऊन बसतं, हे मला कळायला हवं होतं.

पुढे बापू दर काही दिवसांनी विचारू लागले, "आता कसं हाय?" मी खरं ते सांगायचो, "तसंच आहे." ते म्हणायचे, "तसंच?" मी म्हणायचो, "हो." मला वाटायचं, बापूंना माझ्या विषयाची गोडी लागली. शाळेचं तोंड न पाहिलेला माझा बाप वैश्विक किरणांची चौकशी करतो, याचं मला इतकं कौतुक वाटायचं की मी ते मित्रांनाही सांगत असे.

संक्रांतीला मी घरी गेलो. फाट्यावर उतरून चालत निघालो तर शेताशेतांत मोटारी सुरू होत्या आणि हरभऱ्यात पाणी चाललं होतं. म्हणजे थ्री फेज आलेली होती. पण तांडा जवळ आला तरी चक्कीचा आवाज येईना. विहिरीवर बाया दोराने पाणी शेंदत होत्या. विहिरीवरच्या मोटारीने टाकी भरते आणि घरोघर नळाला पाणी येतं, ही सोय होऊन बरीच वर्षं झालेली.

मी शेजारच्या वहिनीला विचारलं, "मोटर जळली काय, वहिनी?"

"जळली कायले? चांगली हाय," ती दोर ओढतच म्हणाली. "तुमच्यासाठी बंद हाय, भाऊजी. तुमच्या त्या वरच्यायले तरास होते म्हंतात."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, थोडी थट्टा होती. दुसरी म्हणाली, "मोठ्ठे साहेब झाले म्हंजे आमाले एक बादली शेंदून द्या बरं." त्या हसल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. मी तसाच काकीकडे गेलो.

चक्कीच्या तोंडावर धुतलेलं लुगडं झाकलेलं होतं. काकी दारात बसून तूर निवडत होती.

"काकी, चक्की काहून बंद?"

"आलास बेटा? बस. पानी पी आधी."

"काहून बंद हाय?"

"तुया बापानं सांगतलं ना, पोराचं मोजलेलं फेकून द्या लागते. नायकानं बैठक घेतली. मी म्हटलं, घ्या, माही चक्की काय पयून चालली?" तिने सुपाला एक झटका दिला. "तरी तू म्हने, तसंच हाय. मंग देवळातला भोंगा बंद केला. तरी तू म्हने तसंच. मंग पान्याची मोटर. आता शेतातल्या मोटारी राह्यल्या, पन पिकाले तं पानी पायजेच."

बापूंच्या प्रत्येक प्रश्नाच्या मागे एकेक बंद केलेली गोष्ट होती. मी दर वेळी 'तसंच आहे' म्हणालो, आणि दर वेळी तांड्याने आणखी काहीतरी बंद केलं.

"लोकं दळायला कुठं जातात?" मी विचारलं.

"फाट्यावर नवी चक्की झाली. आपले लोक जातात, बाजूच्या गावचेही तिकडंच लागले. जाऊ दे. तुया अभ्यास संपला का करीन सुरू."

"काकी, तो अभ्यास वर्षानुवर्षं चालनार हाय."

तिचे हात थांबले. "वर्सं?"

मी मान डोलावली.

"बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा तूर निवडायला लागली.

त्या एका शब्दाने मला बसवेना. मी उठून आमच्या खोलीत गेलो, जिथे सगळ्या तारा येतात. चक्की बंद होती, पाण्याची मोटर बंद होती, भोंगा बंद होता, आणि पडद्यावर सगळे डबे एकदम बोंबलत होते. कुणाही शहाण्या माणसाला एवढ्यावरच कळलं असतं. मी लॅपटॉपवर पावसाळ्याचे आलेख काढले. आषाढात, श्रावणात, भादव्यात थ्री फेज येत होती, काकीची चक्की रोज चालत होती, आणि आलेख अगदी स्वच्छ होता. पावसाळ्यात कुणी पिकाला मोटारीने पाणी देत नाही. मोटारी सुरू होतात दसऱ्यानंतर. साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम ओढायला लागल्या की तारांमध्ये गडबड होते, आणि ज्या यंत्राला अर्थिंग नाही ते प्रत्येक झटक्याला कण समजतं. हे सगळं पुराव्यानिशी माझ्याजवळ महिनोन्‌महिने पडून होतं. मी ते उघडून पाहिलंच नव्हतं, कारण मला उत्तर आधीच ठाऊक होतं. थ्री फेज म्हणजे काकीची चक्की.

मी मीटर घेऊन हातपंपाकडे गेलो. अर्थिंग नव्हतंच. पंपाचं डोकं जागेवर होतं, खाली काही नव्हतं. तिथे उभा राहिल्यावर मला आठवलं. मी शाळेत असताना पाणी खोल गेलं म्हणून या पंपाचे पाइप उपसून काढले होते. ते बरेच दिवस रस्त्याकडेला पडून होते, आणि आम्ही पोरं एका टोकाला तोंड लावून दुसऱ्या टोकाच्या पोराला शिव्या द्यायचो. मीसुद्धा दिल्या होत्या. मे महिन्यात तार आवळताना यातलं काहीही मला आठवलं नव्हतं.

बापूंना मी सांगितलं तेव्हा त्यांनी घरातून कुदळ आणली. मग आम्ही दोघांनी मिळून खड्डा खणला. मीठ-कोळसा भरला, पट्टी पुरली, पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी थ्री फेज आली, शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या आणि डबे गप्प राहिले. मी धावत काकीकडे गेलो.

"काकी, सुरू कर."

"नायकानं बंद सांगतली, नायकच सुरू सांगन," ती म्हणाली.

म्हणून बैठक घ्यावी लागणार होती. जायच्या आधी बापूंनी मला घरात बोलावलं. माझी याडी, म्हणजे आई, चुलीपाशी बसलेली होती, तीही ऐकत होती.

"बैठकीत म्हन का मशीन सुधरली," बापू म्हणाले. "आता चक्कीनं काई होत नाई म्हन. बस."

"पन बापू, चक्कीनं तेव्हाही काई होत नव्हतं."

"थे कोनाले सांगाले लागते? लोकायनं एवढं केलं. उगाच केलं असं त्यायच्या तोंडावर सांगतोस?" मग आवाज उतरवून म्हणाले, "आन मी घरोघर जाऊन सांगतलं होतं, बंद ठेवा म्हनून."

हे मला माहीत नव्हतं. याडीने चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

बापूंचं म्हणणं मला पटतही होतं. पण मशीन सुधारली म्हटलं असतं तर लोकांच्या मनात चक्की दोषीच राहिली असती. उद्या पुन्हा काही बिघडलं की पहिला संशय तिच्यावर आला असता, आणि माझ्यावरच्या मायेपोटी कुणी दळण तिकडे नेलं नसतं. बापूंची मान वर ठेवायची तर काकीची चक्की जायची. बैठकीत उभा राहीपर्यंत मी काय बोलणार ते माझं मलाच ठरवता आलं नव्हतं.

देवळापुढे सगळे बसले होते. मी म्हणालो, "चूक चक्कीची नव्हती. पान्याच्या मोटरची नव्हती, भोंग्याचीही नव्हती. मी तार त्या हातपंपाले बांधली, ज्याचे पाइप काढलेले हायेत. चूक माझी होती. तुम्ही जे जे बंद ठेवलं त्याची काही गरज नव्हती."

मला वाटलं होतं कुणी रागावेल. पण नायकाची आई म्हणाली, "मंग आमी आभायासाठी नाई, तुया तारेसाठी पानी शेंदलं?"

"हो, आजी."

"हात्तेच्या मायबाई!" ती म्हणाली, आणि हसू फुटलं. नायकही हसला. "शिकलेला मानूस चुकलो म्हंते, हे तांड्यात पयल्यांदाच झालं," तो म्हणाला. "चक्की सुरू. मोटर सुरू. भोंगा..." इथे तो थांबला, "भोंगा राहू द्या बंद, बरं वाटून राह्यलं." पुन्हा हसले सगळे.

एकजण हसला नाही. विहिरीवर भेटलेल्या वहिनीचा नवरा. तो उठला, बायकोचा हात धरून त्याने तळवा माझ्यापुढे उघडा केला आणि म्हणाला, "हे पाह्य." दोराने घासून तळव्यावर घट्टे पडले होते. वहिनीने हात झटकन ओढून घेतला. "कायले उगाच? असू द्या, भाऊजी," ती म्हणाली. बापू खाली पाहत होते. आत्तापर्यंत मी लिहिलं त्यात मला सगळ्यात जास्त हे आठवतं. तो तळवा, आणि बापूंची खाली गेलेली मान.

दुसऱ्या दिवशी काकीने चक्कीवरचं लुगडं काढलं. पट्टा चढवला. पहिलं दळण आमच्याच घरचं होतं, याडी ज्वारीचा डबा घेऊन आली होती. बटणाला हात लावण्याआधी काकी बाहेर आली, छताकडे तोंड करून उभी राहिली. तिथे मी डब्यापाशी होतो.

"करू का रे सुरू?" तिने हाक दिली.

"विचारतेस कायले? तुयीच चक्की हाय!"

"तरी. करू का?"

"कर, काकी."

तांड्यातली दळणं परत आली. बाजूच्या गावची आली नाहीत. त्यांना फाट्यावरची नवी चक्की सोयीची पडली, आणि त्यात मी काही करू शकत नाही. त्या गावात मी स्वतः जाऊन चार घरी सांगून आलो. लोकांनी चहा पाजला, हो हो म्हणाले. काकी पूर्वी दिवसभर चालवायची, आता दुपारपर्यंत तिचं काम आटोपतं.

संस्थेत परतल्यावर मी 'चक्की' लिहिलेला तो आलेख मॅडमना परत नेऊन दाखवला आणि घडलेलं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पुढच्या लेखात कारण नीट लिही." मी लिहिलं. अर्थिंगमधील दोष, एवढंच. विहीर आणि तळवा यांना तिथे जागा नव्हती.

मी आता रोज सकाळी तांड्याचा आलेख उघडतो. थ्री फेजच्या तासांत रेघ सपाट असते. चक्की चालू असो की बंद, रेघ अगदी सारखीच दिसते. अवकाशात कुठूनतरी दूरवरून आलेला कण मला इथे बसून दिसतो, पण काकीच्या चक्कीत दळण पडलं की नाही ते दिसत नाही. ते विचारायचं तर फोन करावा लागतो. मी करतो. आणि थ्री फेजची वेळ झालेली असली तर ती अजूनही, दर वेळी, आधी विचारते, "करू का, बेटा?"

मी म्हणतो, कर. फोन कानाला तसाच धरून ठेवतो, पट्टा फटफट वाजायला लागेपर्यंत.